मकारिनचे झरे आणि भांडारातलं सिमेंट: सुरक्षितता अहवालात नेमकं काय म्हणता येईल?

भांडारवही

कमी आणि मध्यम पातळीच्या किरणोत्सारी कचऱ्याच्या भूगर्भीय भांडारासाठी सिमेंटच्या दीर्घकालीन वागणुकीवरचं प्रकरण लिहायचं आहे. अडचण सगळ्यांच्या ओळखीची आहे. पोर्टलँड सिमेंटचं पेटंट १८२४ सालचं, म्हणजे या पदार्थाचं वय दोनशे वर्षं. नियंत्रित प्रयोगांची मोजमापं काही दशकांची. अहवालाला मात्र दहा हजारांपासून लाख वर्षांपर्यंत बोलावं लागतं.

सध्याचं गणित असं आहे. एक घनमीटर काँक्रीटमध्ये ३५० किलो सिमेंट, त्याच्या जलयोजनातून सुमारे ८५ किलो पोर्टलँडाइट (कॅल्शियम हायड्रॉक्साइड). त्याची विद्राव्यता २५ अंशांना लिटरला साधारण १.५ ग्रॅम. म्हणजे सगळं पोर्टलँडाइट धुऊन जायला ५७ घनमीटर पाणी लागेल. दर चौरस मीटरमधून वर्षाला १ लिटर पाणी जातं असं धरलं, तर पीएच १२.५ च्या आसपास ५७ हजार वर्षं टिकतो.

प्रश्न चार:

१. जॉर्डनमधल्या मकारिनचा (तिथे सिमेंटसारखी खनिजं आणि अति-अल्कली झरे निसर्गतःच आहेत) दाखला या आकड्याला आधार म्हणून देता येईल का?
२. रोमन काँक्रीटचा दाखला का देऊ नये? वाचणाऱ्याला तो पटकन पटतो.
३. अशा झऱ्यांचे आणि खडकांचे नमुने घेताना कुठे चुकतं? जुनी मोजमापं वापरायची तर त्यांतली विश्वासार्ह कोणती, हे ओळखता यायला हवं.
४. कोणत्या गोष्टींना नैसर्गिक प्रतिरूपच (निसर्गात आधीच घडलेलं तसंच उदाहरण) नाही?

---

चुनकळी

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: आकड्याला आधार म्हणून नाही. आकडा ज्या प्रक्रियांवर उभा आहे त्यांना आधार म्हणून, हो. हा फरक अहवालात पुसला गेला तर परीक्षक पहिल्याच वाचनात पकडतो.

मकारिन यार्मुक नदीच्या खोऱ्यात, सीरियाच्या सीमेलगत आहे. तिथल्या चुनखडीमिश्रित मार्लमध्ये (चुना आणि चिकणमातीचा खडक) भरपूर सेंद्रिय द्रव्य आणि पायराइट आहे. धूप होऊन हे थर उघडे पडले, हवा आत शिरली आणि खडक आपोआप पेटला. जमिनीखालीच चुनाभट्टी लागली म्हणा ना. चुनखडी भाजून चुना झाला. चुना आणि मार्लमधली सिलिका, अ‍ॅल्युमिना, लोह यांच्यातून लार्नाइट, स्पराइट, ब्राउनमिलेराइट अशी क्लिंकरच्या (सिमेंटच्या भट्टीतून निघणाऱ्या गोळ्यांच्या) ओळखीची खनिजं तयार झाली. पुढे पाणी मुरलं आणि पोर्टलँडाइट, एट्रिंगाइट आणि थॉमासाइट (दोन्ही सल्फेटयुक्त खनिजं), सी-एस-एच जेल (सिमेंटला बांधून ठेवणारं कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट) हा सगळा संसार उभा राहिला. त्यातून पाझरणारं पाणी खालच्या न जळलेल्या मार्लच्या भेगांमधून आजही बाहेर पडतं. पूर्वेकडच्या झऱ्यांचा पीएच १२.५ च्या आसपास, पश्चिमेकडच्या झऱ्यांचा १२.९ पर्यंत.

हे दोन गट खरे कामाचे आहेत. सिमेंटच्या झिजेत आधी सोडियम-पोटॅशियमची हायड्रॉक्साइडं धुऊन जातात आणि तोवर पीएच १३ च्या आसपास राहतो. मग पोर्टलँडाइट १२.५ वर धरून ठेवतं. मग सी-एस-एचमधलं कॅल्शियम-सिलिका गुणोत्तर १.७ च्या आसपासवरून ०.८ कडे उतरत जातं आणि पीएच १० कडे घसरतो. शेवटी उरतं कॅल्साइट. पश्चिमेचे झरे पहिल्या टप्प्याशी जुळतात, पूर्वेचे दुसऱ्याशी. तिसऱ्या टप्प्याचं पाणी मकारिनमध्ये असं सरळ हाती लागत नाही, म्हणून ‘मकारिनमध्ये सिमेंटची सगळी उत्क्रांती दिसते’ हे वाक्य लिहू नका. पश्चिमेच्या पाण्यातल्या अल्कलीबरोबर सल्फेटही भरपूर आहे. सिमेंटच्या छिद्रजलाशी ते पीएचपुरतं जुळतं, सगळ्या घटकांत नाही.

साधर्म्य कुठे तुटतं हेही लिहायला हवं. कारखान्याची भट्टी १४५० अंशांवर चालते आणि क्लिंकरमध्ये अ‍ॅलाइट (ट्रायकॅल्शियम सिलिकेट) प्रमुख असतं. मकारिनच्या खडकात लार्नाइट, म्हणजे डायकॅल्शियम सिलिकेट, प्रमुख आहे. अ‍ॅलाइटचं नैसर्गिक भावंड हॅट्रुराइट, तेही मृत समुद्राजवळच्या हॅट्रुरिम खोऱ्यात सापडलं आणि दुर्मीळ आहे. ढोबळ समीकरणाने दोन रेणू अ‍ॅलाइटमधून तीन रेणू पोर्टलँडाइट सुटतं, दोन रेणू लार्नाइटमधून एकच. मग मकारिनमध्ये इतकं पोर्टलँडाइट कुठून? मुख्यतः सुट्या भाजलेल्या चुन्यातून. झऱ्याचं रसायन सारखं आहे, पण चुन्याचा उगम आणि खडकातली त्याची वाटणी वेगळी आहे. तुमच्या ८५ किलोंना मकारिनवरून दुजोरा मिळत नाही तो यामुळे.

आता तुमच्या ५७ हजार वर्षांकडे. या गणितात पाणी काँक्रीटच्या कणाकणातून सारखं झिरपतं असं गृहीत आहे. मकारिनमध्ये पाणी भेगांतूनच वाहतं आणि भेगांच्या भिंतींवर आधी एट्रिंगाइट-थॉमासाइट, मग सी-एस-एच, कॅल्साइट असे थर बसतात. भेगा बुजतात, पुन्हा उघडतात, पुन्हा बुजतात. बदललेल्या भिंतीची जाडी बहुतेक ठिकाणी काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर एवढीच. अहवालांमध्ये हे नेहमी चांगली बातमी म्हणून येतं: भेगा आपोआप बुजतात. पण भिंतीवरचा थर आतल्या पोर्टलँडाइटला पाण्यापासून तोडतोही. तसं झालं तर काँक्रीटच्या पोटात चुना शिल्लक असतानाच भेगेतल्या पाण्याचा पीएच उतरतो. बुजलेली भेग प्रवाह कमी करते आणि अर्धवट बुजलेली भेग अल्कलीचा पुरवठा कमी करते. दोन्ही शक्यता गणितात हव्यात. ५७ हजार ही वरची मर्यादा म्हणून द्या आणि सोबत ‘भेगेला टेकलेले काही सेंटिमीटरच उपलब्ध’ अशी दुसरी धाव (मॉडेलचं दुसरं गणित) द्या. ती दुसरी धाव मकारिनच्या निरीक्षणांशी जास्त जवळची आहे.

एक किरकोळ भर: भूजलात लिटरला ५ मिलिमोल बायकार्बोनेट असेल तर कॅल्साइट बसण्यात तेवढंच पोर्टलँडाइट जास्तीचं खर्च होतं. पण त्या अभिक्रियेत हायड्रॉक्सिल सुटतं, ते सोडियमबरोबर पाण्यात राहतं आणि पोर्टलँडाइटची विद्राव्यता थोडी खाली आणतं. त्यामुळे २० (तुमचे १.५ ग्रॅम म्हणजे सुमारे २० मिलिमोल) अधिक ५ अशी सरळ बेरीज करू नका, पीएचआरईईक्यूसी (PHREEQC) या भू-रसायनाच्या संगणक-प्रणालीत समतोल काढा.

---

दगडी_पाटी

रोमन काँक्रीटबद्दल थोडक्यात. ते पोर्टलँड सिमेंट नाही, चुना आणि ज्वालामुखी राखेचं मिश्रण आहे. राखेने चुना खाऊन टाकला, म्हणून त्यात मोकळं पोर्टलँडाइट जवळजवळ नसतं आणि पीएचही तुमच्या भांडाराएवढा नाही. पोझुओलीजवळच्या खाडीतल्या सागरी बांधकामांत अ‍ॅल्युमिनियमयुक्त टोबरमोराइट आणि फिलिप्साइट सापडतात. या गोष्टी कमी पीएचच्या सिमेंटसाठी उपयोगी आहेत, साध्या काँक्रीटसाठी नाहीत.

दुसरी खोट जास्त गंभीर आहे. आज उभं आहे तेच आपण पाहतो. जे विरघळलं, फुटलं, वाहून गेलं त्याचा नमुना कुणाच्या कपाटात नाही. दोन हजार वर्षं टिकलेल्या भिंतीवरून ‘टिकू शकतं’ एवढंच निघतं, ‘टिकतं’ हे निघत नाही. हाच आक्षेप मकारिनलाही थोडा लागू होतो. पूर्ण धुऊन गेलेला सिमेंटचा पट्टा आज साधी चुनखडी म्हणून दिसेल आणि कुणी त्याचा नमुना घेणार नाही.

---

निवळी

तिसऱ्या प्रश्नावर जरा सविस्तर लिहितो, कारण जुन्या तक्त्यांतले निम्मे गोंधळ रसायनाचे नसून बाटलीचे असतात.

पीएच. संतृप्त कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा, म्हणजे चुन्याच्या निवळीचा पीएच २५ अंशांना १२.४५, २० अंशांना १२.६३ आणि ३० अंशांना १२.२९. पाच अंशांत ०.१७ चा फरक. झऱ्यावर मोजलेला पीएच आणि प्रयोगशाळेत २५ अंशांना मोजलेला पीएच शेजारी ठेवून ‘पाणी कमी अल्कली झालं’ असा निष्कर्ष निघालेला दिसला, तर आधी तापमानाचा रकाना पाहा. हायड्रॉक्सिलचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास तेच असतं, बदलतो तो पाण्याचा आयनन स्थिरांक. म्हणून तुलना हायड्रॉक्सिलच्या मिलिमोलमध्येच करावी. मीटर ७ आणि १० च्या बफरवर लावून १२.५ मोजणं चूक. १० चा बफर आणि ताजी गाळलेली निवळी असे दोन बिंदू घ्या, दोन्ही झऱ्याच्याच तापमानाला आणून. निवळी रोज नवी करा, बाटलीवर पांढरी साय आली की ती गेली कामातून. काचेचा इलेक्ट्रोड जास्त पीएचला सोडियमलाही थोडा प्रतिसाद देतो आणि पीएच कमी दाखवतो. पश्चिमेच्या पाण्यात सोडियम जास्त असल्याने तिथे ही चूक वाढते, तेव्हा कमी सोडियम-त्रुटीचा इलेक्ट्रोड वापरा.

हवा. असं पाणी कार्बन डायऑक्साइड इतक्या झपाट्याने ओढतं की उघड्या भांड्यात काही मिनिटांत कॅल्साइटची साय धरते. झऱ्याच्या तोंडाशीच नळी घालून, नळीतच ०.४५ किंवा ०.२ मायक्रॉनचा फिल्टर लावून, बाटली काठोकाठ भरून घ्यावी. काचेची बाटली नको: अल्कली पाणी काच खातं आणि सिलिकाचा आकडा बिघडतो. जाड पॉलिथिनची घ्या आणि लांबच्या प्रवासासाठी ती अ‍ॅल्युमिनियमच्या अस्तराच्या पिशवीत बंद करा, कारण प्लॅस्टिकमधूनही वायू हळूहळू झिरपतो. ऋण आयनांसाठीचा नमुना जागेवरच, वायू काढलेल्या शुद्ध पाण्यात दहापट विरळ करावा. मग कॅल्साइट बसायला वावच राहत नाही.

आम्ल. इथे सगळ्यात जास्त चुकतं. नेहमीची सवय म्हणजे लिटरला २ मिली संहत नायट्रिक आम्ल. ते साधारण ३२ मिलिमोल होतं. पोर्टलँडाइटने संतृप्त पाण्यात लिटरला सुमारे ४० मिलिमोल हायड्रॉक्सिल असतं. म्हणजे ‘आम्लयुक्त’ अशी चिठ्ठी लावलेली बाटली आतून अजून अल्कलीच असते. जड मूलद्रव्यं बाटलीच्या भिंतीला चिकटतात आणि विश्लेषणात ‘मोजमर्यादेखाली’ येतात. हाच आकडा पुढे ‘अल्कली पाण्यात विद्राव्यता फारच कमी’ म्हणून फिरतो. लिटरला निदान ५ मिली घाला आणि थेंबभर पट्टीवर टाकून पीएच २ च्या खाली आला का बघा. क्रोमियमचं ऑक्सिडीकरण मोजायचं असेल तर त्यासाठी आम्ल न घातलेली बाटली वेगळी घ्या. मकारिनच्या पाण्यात क्रोमेट भरपूर असतं, त्यामुळे हा मुद्दा तिथे सोडता येत नाही.

तपासणीचा सोपा उपाय: धन-ऋण आयनांचा ताळेबंद ५ टक्क्यांच्या आत आहे का, आणि पोर्टलँडाइटचा संतृप्तता निर्देशांक शून्याजवळ आहे का. निर्देशांक एकदम अधिक ०.५ आला तर झरा अतिसंतृप्त नाही, पीएचचं मोजमाप चुकलं आहे.

आता खडक. काप पाण्यावर घासला तर लार्नाइट तिथेच पाणी धरू लागतं, म्हणून तेल किंवा अल्कोहोल वापरावं. एट्रिंगाइट उष्णतेत आणि निर्वातात पाणी सोडून अस्ताव्यस्त होतं. नमुना १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये सुकवला असेल तर त्यातल्या एट्रिंगाइटच्या टक्केवारीला किंमत नाही. आयसोप्रोपनॉलने पाणी बदलून, ४० अंशांच्या आत, कार्बन डायऑक्साइडमुक्त हवेत सुकवावं.

क्ष-किरण विवर्तनात (तांब्याची नळी) एट्रिंगाइटची पहिली रेषा ९.१ अंशांवर, थॉमासाइटची ९.२ वर. जवळपास एकावर एक. १५.८ आणि १६.१ अंशांच्या दुसऱ्या रेषा पाहा. तरी शंका राहिली तर रामन घ्या: थॉमासाइटमधल्या सहा हायड्रॉक्सिलांनी वेढलेल्या सिलिकॉनची खूण प्रति सेंटिमीटर ६५८ च्या आसपास येते, एट्रिंगाइटमध्ये ती नसते. सी-एस-एचचा फुगवटा कॅल्साइटच्या २९.४ अंशांच्या रेषेखाली लपतो, त्यामुळे ‘सी-एस-एच आढळलं नाही’ हे विवर्तनावरून लिहू नये.

कॅल्साइट जुनं की कालच्या हवेतलं, हे कार्बनच्या समस्थानिकांवरून कळतं. अति-अल्कली पाण्याने हवेतला कार्बन डायऑक्साइड झपाट्याने ओढून बनलेलं कॅल्साइट फार हलकं असतं, डेल्टा-१३ उणे २५ प्रति हजारच्या आसपास. भेगेतल्या थरात हे दिसलं तर बोगदा खोदल्यावर किंवा गाभा उघडा पडल्यावर बसलेला थर असण्याची शक्यता आधी धरा.

---

जेलबाज

सी-एस-एचबद्दल उत्तर आयर्लंडचं उदाहरण कसं राहिलं? लार्नजवळच्या स्कॉट हिलवर डोलेराइटचा शिलारस खडूच्या आणि चकमकीच्या थरात घुसला. सेसिल टिली यांनी लार्नाइट तिथूनच १९२९ मध्ये आणि पोर्टलँडाइट १९३३ मध्ये वर्णन केलं. त्या भागातला ज्वालामुखी काळ सुमारे ६ कोटी वर्षांपूर्वीचा. तिथे लार्नाइट सगळं हायड्रेट झालेलं नाही आणि जवळच्या बॅलीक्रेगीत स्फटिकी सी-एस-एचबरोबर जेलसारखं सी-एस-एचही मिळतं. सुरक्षितता अहवालासाठी हा मोठा मुद्दा आहे. सगळ्यांना भीती अशी असते की जेल कालांतराने स्फटिक होईल, त्याचं पृष्ठफळ घटेल आणि मूलद्रव्यं धरून ठेवण्याची ताकद जाईल. स्कॉट हिल सांगतं की तसं होणं अटळ नाही.

---

चुनकळी

जेलबाज, मुद्दा मान्य, पण एक काटा आहे. स्कॉट हिलचं जेल ६ कोटी वर्षं ओलं होतं का? पाणी केव्हा पोहोचलं हे माहीत नसेल तर भट्टीचं वय हे जेलचं वय होत नाही. हिमयुगानंतर धूप होऊन पाणी पोहोचलेलं असलं तर जेल काही हजार वर्षांचंही असू शकेल. लार्नाइट शिल्लक आहे याचा एक अर्थ ‘सिमेंट टिकाऊ’ असा होतो, दुसरा साधा अर्थ ‘तिथे पाणी पोहोचलंच नाही’ असा.

उलट बाजूनेही तोच सापळा आहे. अशा जागी टोबरमोराइट किंवा अ‍ॅफविलाइटचे सुंदर स्फटिक दिसतात. ते थंड जेल म्हातारं होऊन बनले, की खडक निवताना १०० अंशांच्या वरच्या पाण्यात थेट बनले? पहिलं असेल तर ते तुमच्या भांडाराचं भविष्य आहे, दुसरं असेल तर तुमच्याशी त्याचा संबंध नाही. शिरांचा क्रम (कोण कोणाला छेदतं) आणि सोबतच्या कॅल्साइटमधले ऑक्सिजनचे समस्थानिक पाहिल्याशिवाय निवाडा करू नये.

---

जेलबाज

बरोबर. मग वाक्य असं करू: ‘कमी तापमानाला सी-एस-एच जेल भूवैज्ञानिक परिसरात टिकलेलं आढळतं; किती काळ, हे त्या जागेच्या पाण्याच्या इतिहासावर अवलंबून आहे.’ मकारिनमध्ये निदान पाणी आजही वाहताना दिसतं, त्यामुळे या एका मुद्द्यावर त्याचं वजन स्कॉट हिलपेक्षा जास्त, वय कितीही कमी असलं तरी.

---

भांडारवही

खूप उपयोगी. विद्राव्यतेबद्दल एक उपप्रश्न. मकारिनच्या पाण्यात युरेनियम, थोरियम, निकेल, कथील यांचं प्रमाण मॉडेलच्या अंदाजापेक्षा कमी आढळलं असं वाचलं. ‘मॉडेल सावध बाजूला चुकतं’ असं लिहिता येईल?

---

निवळी

लिहिता येईल, पण पुढचं वाक्यही लिहावं लागेल. मकारिनमध्ये अंधचाचणी झाली होती: मॉडेल चालवणाऱ्यांना मुख्य घटकांचं रसायन दिलं, सूक्ष्म मूलद्रव्यांचे मोजलेले आकडे झाकून ठेवले आणि अंदाज मागितले. ओमानच्या अल्कली झऱ्यांवर आणि ब्राझीलच्या पोसोस दी काल्दासमध्येही अशी पद्धत वापरली गेली. बहुतेक ठिकाणी अंदाज मोजमापापेक्षा जास्त निघाला.

याची दोन कारणं असू शकतात आणि ती फार वेगळी आहेत. एक, मूलद्रव्य स्वतंत्र शुद्ध खनिज म्हणून न बसता कॅल्साइट, एट्रिंगाइट, सी-एस-एच यांच्यात मिसळून बसतं, म्हणून प्रमाण शुद्ध खनिजाच्या विद्राव्यतेच्या खाली राहतं. भांडारातही हे होईल, तेव्हा ही खरी सावध बाजू. दोन, खडकातच ते मूलद्रव्य कमी होतं किंवा न विरघळणाऱ्या खनिजात अडकलं होतं, म्हणजे पाणी मर्यादेपर्यंत पोहोचलंच नाही. कचऱ्याच्या पिंपात पुरवठा कमी नसतो, तेव्हा या कारणाचा आधार घेता येत नाही. प्रत्येक मूलद्रव्यासाठी खडकातलं एकूण प्रमाण आणि पाण्यातलं प्रमाण शेजारी ठेवा. खडकात भरपूर आणि पाण्यात कमी असेल तरच दाखला चालेल.

ऑक्सिडीकरणाची स्थितीही पाहा. मकारिनचं पाणी क्रोमेट आणि सेलेनेट धरून ठेवण्याइतकं ऑक्सिडीकारक आहे. भांडारात पोलाद गंजताना हायड्रोजन सुटतो आणि परिस्थिती क्षपणकारक होते. सेलेनियम, युरेनियम, टेक्नेशियम यांच्या बाबतीत त्यामुळे आकड्याची तुलनाच होत नाही. थोरियमला ही अडचण नाही, त्याची एकच अवस्था.

---

मातीपरीक्षक

चौथा प्रश्न मागे पडला, म्हणून लिहितो.

सेल्युलोज. कापड, कागद, लाकूड असलेला कचरा अल्कलीत विघटित होऊन आयसोसॅकरिनिक आम्ल तयार होतं. ते थोरियम, प्लुटोनियम, निकेल यांना पाण्यात धरून ठेवतं, म्हणजे सिमेंटचं काम उलटवतं. मकारिनचं बिटुमेन (मार्लमधलं डांबरी सेंद्रिय द्रव्य) हे त्याचं प्रतिरूप नाही, दोघांची रसायनं वेगळी. त्यातल्या त्यात जवळचं उदाहरण इंग्लंडमधल्या बक्स्टनजवळच्या हार्पर हिलचं: चुनाभट्ट्यांच्या जुन्या कचऱ्याचे ढीग, त्यांतलं अति-अल्कली पाणी, आणि खाली गाडल्या गेलेल्या वनस्पतींपासून बनलेलं तेच आम्ल. तिथले जिवाणू पीएच ११ च्या वरही ते खातात असं दाखवलं गेलंय. मात्र ही गोष्ट शतकभराच्या हिशोबाची आहे, लाख वर्षांची नाही. अहवालात तिला ‘मानवनिर्मित प्रतिरूप’ म्हणा.

बेंटोनाइट (पाण्यात फुगणारी माती, मुख्य खनिज मॉन्टमोरिलोनाइट). सिमेंट आणि बेंटोनाइट शेजारी असतील तर पीएच ११ च्या खालचं सिमेंट वापरायची शिफारस असते, त्यासाठी सिलिका फ्यूमचं प्रमाण ४० टक्क्यांच्या घरात जातं. त्याचं प्रतिरूप मकारिन नाही. सर्पेंटाइन बनताना तयार होणाऱ्या अल्कली पाण्याचे झरे त्याला जवळचे: सायप्रसचा ट्रोडोस आणि फिलिपिन्समधलं झांबालेस. सायप्रसमध्ये अशा पाण्याच्या सहवासातल्या बेंटोनाइटमध्ये मॉन्टमोरिलोनाइटचा थोडाच भाग बदललेला आढळला. पण ते पाणी कॅल्शियमबरोबर मॅग्नेशियमच्या राज्यातलं आहे, म्हणून नवीन बनणारी खनिजं (पॅलिगॉर्स्काइट वगैरे) तुमच्या मॉडेलमधल्या झिओलाइटशी जुळणार नाहीत. न जुळण्याने घाबरू नका, पण जुळवायचा खटाटोपही करू नका.

थॉमासाइटबद्दल चुनकळी यांच्या मुद्द्याला पुरवणी. भेगेत ते बुजवण्याचं काम करतं. काँक्रीटच्या अंगात मात्र तेच सी-एस-एच खाऊन सिमेंटचा मऊ चिखल करतं, विशेषतः १५ अंशांच्या खालच्या तापमानात, सल्फेट आणि कार्बोनेट दोन्ही हजर असताना. मकारिनचा फोटो लावून ‘थॉमासाइट निरुपद्रवी’ असा सूर लागू देऊ नका.

ज्यांना काहीच प्रतिरूप नाही अशा गोष्टी: सुपरप्लास्टिसायझर, पोलादाच्या गंजण्यातून सुटणाऱ्या वायूचा दाब, किरणोत्साराने पाण्याचं विघटन. इथे प्रयोग आणि मॉडेल एवढंच हातात आहे, तसं सरळ लिहा.

प्रतिरूप आणि प्रयोगशाळा यांच्या मधला काळ भरून काढायला फ्रान्समधलं तूर्नमीर पाहा. तिथल्या चिकणखडकातल्या जुन्या विंधनछिद्रांत सिमेंट आणि खडक १५ वर्षं एकमेकांना टेकून होते, आणि तो सांधा कापून तपासला गेला. बदल सेंटिमीटरभराच्या पट्ट्यात. मॉडेल आधी या १५ वर्षांवर चालवून दाखवा, मग मकारिनकडे जा.

---

भांडारवही

भांडाराची भरण नेहमीच्या काँक्रीटऐवजी मुद्दाम सच्छिद्र ठेवली तर चुनकळी यांची ‘काही सेंटिमीटरच उपलब्ध’ ही धाव किती लागू राहते?

---

चुनकळी

बरीच बदलते. ब्रिटनमध्ये निरेक्स या किरणोत्सारी कचऱ्याच्या संस्थेने आखलेल्या संदर्भ भरणीत घनमीटरला ४५० किलो पोर्टलँड सिमेंट, १७० किलो विरलेला चुना, ४९५ किलो चुनखडीची भुकटी आणि ६१५ किलो पाणी असतं. चुना मुद्दाम जास्तीचा आहे आणि सच्छिद्रता निम्म्याच्या आसपास, म्हणजे पाणी अंगभर फिरावं हाच हेतू. तिथे भेग सोडून आतल्या चुन्यापर्यंत पाणी पोहोचतं आणि तुमचं सरळ धुण्याचं गणित जास्त लागू पडतं. पण मकारिनची भेगांची निरीक्षणं मग भरणीसाठी न वापरता भोवतालच्या खडकासाठी वापरा: भरणीतून निघालेलं अल्कली पाणी खडकाच्या भेगांमध्ये काय करेल, यासाठी. तिथे ती चपखल बसतात.

दोन धावा ठेवाच, फक्त नावं बदला: एक भरणीची, एक पिंपाभोवतीच्या दाट काँक्रीटची.

---

भांडारवही

ठीक, तसंच करतो. जुन्या तक्त्यांतले ‘मोजमर्यादेखाली’ असलेले सगळे आकडे तूर्त बाजूला काढतोय. आम्ल किती घातलं याची नोंद असलेलेच परत घेईन. १०० मिलीच्या बाटलीला ०.५ मिली, बरोबर ना?

---

निवळी

पूर्वेच्या पाण्याला पुरतं. पश्चिमेच्या १२.९ पीएचच्या पाण्यात हायड्रॉक्सिल दुपटीहून जास्त असतं, तिथे १ मिलीने सुरुवात करा. पट्टी दोन्हीकडे लावाच.